खड्ड्याच्या कडेला बसलेला नवरा

फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ-ल्यूक गोदारचा ‘वीकेंड’ (१९६७) मी पहिल्यांदा पाहिला तो १९९४ साली, पुण्यात, एका चित्रपट मंडळाच्या खेळात. त्या रात्री घरी आल्यावर मी वहीत त्याबद्दल अकरा पाने लिहिली होती. ती वही अजून माझ्याकडे आहे. अकरांपैकी सहा पाने एकट्या वाहतूक कोंडीच्या दृश्यावर आहेत. कॅमेरा कुठून निघाला, कुठे पोहोचला, रुळांवरून तो किती सावकाश सरकला, मध्ये कोणत्या रंगाच्या गाड्या आल्या, हे सगळे त्या वयातल्या उत्साहाने मी टिपून ठेवले होते आणि दोन ठिकाणी आकृत्याही काढल्या होत्या.

गेल्या महिन्यात तोच चित्रपट घरी पुन्हा पाहिला. या वेळी बायको शेजारी होती आणि ती तो पहिल्यांदाच पाहत होती. वाहतूक कोंडी तिने शांतपणे पाहिली, एकदोनदा हसलीही. तास उलटून गेल्यावर एक प्रसंग येतो. नायिका रस्त्यालगतच्या खड्ड्यात विसाव्यासाठी उतरते, एक भटक्या तिथे जातो आणि तिच्यावर बलात्कार करतो. नवरा रस्त्याच्या कडेला बसून राहतो. बायको पडद्याकडे बघतच म्हणाली, “हा उठत का नाहीये?” मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि माझ्याकडे उत्तर नाही हे लक्षात आले. चित्रपट संपल्यावर वही काढली आणि अकराही पाने वाचली. या प्रसंगाबद्दल त्यांत एक ओळसुद्धा नाही.

म्हणून हे पुन्हा लिहायला बसलो आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. कोरीन आणि रोलाँ द्युराँ हे पॅरिसमधले खाऊनपिऊन सुखी जोडपे आहे. कोरीनचे वडील मरणाच्या दारात आहेत, कारण हे दोघेच त्यांना थोडे थोडे विष देत आले आहेत. शनिवार-रविवारी त्यांच्या गावी, वँव्हीलला जायचे, म्हातारा गेला की मृत्युपत्राची व्यवस्था लावायची आणि पैसा ताब्यात घ्यायचा, एवढाच बेत आहे. पण त्या बेताच्या पोटात आणखी दोन बेत आहेत. कोरीनला पैसा हातात आल्यावर रोलाँला संपवून प्रियकराबरोबर राहायचे आहे आणि रोलाँलाही पैसा आल्यावर कोरीनला संपवून प्रेयसीकडे जायचे आहे. दोघेही हसतमुखाने एकाच गाडीत बसतात. पुढे जे घडते ते बहुतेक सगळे रस्त्यावर घडते, म्हणून या चित्रपटाला ‘रोड मूव्ही’ म्हणतात, आणि त्यात इतकी प्रेते असूनही प्रेक्षक हसतो, म्हणून ‘ब्लॅक कॉमेडी’.

आपल्याकडे लग्नात पाठीवर हात ठेवून वडीलधारी मंडळी सांगतात की नवरा-बायको ही संसाररथाची दोन चाके आहेत. संसाराचा गाडा हा शब्द तर आपण रोज वापरतो. इतका वापरतो की त्यात खरोखरचा गाडा आहे, त्याला रस्ता लागतो, त्याला हाकणारा कोणीतरी एकच असतो आणि दुसरे माणूस शेजारी बसलेले असते, याचा विचार मनात येत नाही. ‘वीकेंड’ पाहताना तो माझ्या मनात आला. गोदारने या म्हणीचे नावही ऐकले नसणार. तरी गाडी हाती असेपर्यंत सुकाणूचे चाक रोलाँच्या हातात आहे, रस्ता तो निवडतो, कोणाला धडक द्यायची हे तो ठरवतो आणि कोरीन शेजारी बसून त्याला आणखी जोरात चालव म्हणून सांगते, हे एकदा दिसले की नजरेआड करता येत नाही.

सुरुवातीचा प्रसंग त्यांच्या घराच्या गच्चीवरचा आहे. पाहुणे आलेले आहेत, पेये चालू आहेत. खाली गाड्या उभ्या करायच्या जागेत दोन गाड्या घासतात, चालक उतरतात आणि एकमेकांना मारू लागतात. वर उभी असलेली माणसे ते पाहतात आणि पुन्हा गप्पांकडे वळतात. त्याच गप्पांत कोरीन प्रियकराशी नवऱ्याच्या मरणाबद्दल बोलते, आणि थोड्या वेळाने नवरा फोनवर प्रेयसीला धीर धरायला सांगतो. दोघांचा सूर घरातली दुरुस्ती कधी करून घ्यायची हे ठरवतानाचा असतो, तसा आहे. द्वेष असता तर आवाज चढला असता. इथे कोणाचाही आवाज चढत नाही.

माझ्या तरुणपणी मला हे जोडपे निव्वळ एक प्रतीक वाटले होते. भांडवलशाही, भोगवाद वगैरे शब्द वहीत आहेत. आज मला त्यांच्या काळातला कायदा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण हे दोघे एका विशिष्ट देशात, विशिष्ट वर्षी नवरा-बायको होते. नेपोलियनच्या १८०४ च्या नागरी संहितेत एक वाक्य होते: नवऱ्याने बायकोचे रक्षण करावे आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. आज्ञा पाळण्याचा भाग १९३८ मध्ये गेला, पण नवरा हा कुटुंबप्रमुख असल्याचे कायदा १९७० पर्यंत सांगत होता. विवाहित फ्रेंच स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःचे बँक खाते उघडण्याचा आणि नोकरी करण्याचा हक्क मिळाला तो १३ जुलै १९६५ च्या कायद्याने. म्हणजे कोरीन वडिलांच्या पैशाच्या मागे निघते तेव्हा तो पैसा स्वतःच्या नावावरच्या खात्यात ठेवण्याचा साधा हक्क तिला मिळून फार तर दोन वर्षे झालेली आहेत. आणि परस्परसंमतीने घटस्फोट? तो फ्रान्समध्ये १९७५ च्या कायद्याने आला. त्याआधी एकाने दुसऱ्याचा दोष न्यायालयात सिद्ध करावा लागे. दोघांनाही लग्न नको आहे आणि दोघेही दोषी आहेत, अशा जोडप्याला न्यायालयात जाऊन सरळपणे तेवढेच सांगून मोकळे होण्याची सोय नव्हती. म्हणून कोणी खून करत नाही हे खरेच आहे, पण एकमेकांच्या अपघाती मृत्यूची वाट पाहत एकाच अंथरुणात झोपणाऱ्या या दोघांची कल्पना गोदारने हवेतून काढलेली नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी कळल्यावर मी थोडा वेळ थांबलो. फ्रान्समध्ये गर्भनिरोधकांना मान्यता देणारा कायदा झाला २८ डिसेंबर १९६७ रोजी. ‘वीकेंड’ तिथे प्रदर्शित झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, २९ डिसेंबरला. एका बाजूला लग्नातल्या स्त्रीच्या शरीरावर तिचा स्वतःचा थोडासा अधिकार कायदा मान्य करतो आहे आणि दुसऱ्या बाजूला चित्रपटगृहात हा नवरा खड्ड्याच्या कडेला बसलेला आहे. हा योगायोगच आहे आणि त्यातून मला काही सिद्ध करायचे नाही. फक्त त्या आठवड्यात पॅरिसमध्ये वर्तमानपत्र वाचून चित्रपटाला गेलेल्या एखाद्या विवाहित बाईला काय वाटले असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

प्रवास सुरू होण्याआधी कोरीनचे ते प्रसिद्ध लांबलचक बोलणे येते. कोरीनची भूमिका करणारी मिरेय दार्क टेबलावर बसलेली आहे, अंगावर फक्त अंतर्वस्त्रे आहेत, पाठीमागे खिडकीचा उजेड आहे, त्यामुळे चेहरा जवळजवळ काळा दिसतो. ती एका पुरुषाला तिसऱ्याच एका जोडप्याबरोबर घडलेला शरीरसंबंधाचा प्रसंग सांगते आहे. कॅमेरा हळूहळू पुढे येतो, मागे जातो आणि अँतवान द्युआमेलचे जड, भीतिदायक संगीत मध्येच इतके चढते की तिचे शब्द बुडून जातात. ऐकणारा पुरुष प्रश्न विचारत राहतो, अधिक तपशील मागत राहतो. पहिल्या वेळी मी या दृश्यात प्रकाशयोजना पाहिली. या वेळी मला त्या पुरुषाचे प्रश्न ऐकू आले. तिला काय वाटले असे त्यातला एकही प्रश्न विचारत नाही. पुढे काय झाले, मग काय केले, एवढेच.

आता ती वाहतूक कोंडी. ती सोडून पुढे जाणे मला अजूनही शक्य नाही. छायालेखक राउल कुतारने सुमारे तीनशे मीटर रुळांवरून कॅमेरा सरकवत हा प्रसंग टिपला आहे, तो आठेक मिनिटे चालतो आणि मध्ये फक्त अक्षरांच्या पाट्या येतात. खेड्यातला सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना झाडे आणि शेते, आणि रस्त्यावर एकामागे एक अडकलेल्या गाड्या. हॉर्न अखंड वाजत असतात. ते इतके अखंड असतात की दोन मिनिटांनी त्यांचा त्रास होणे थांबते आणि चौथ्या मिनिटाला पुन्हा सुरू होते. गाड्यांमधली माणसे वेळ घालवतात. कोणी बुद्धिबळ खेळते, कोणी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चेंडू टाकते, कोणी शिडाच्या होडीचे शीड उभारत बसले आहे. प्राणी घेऊन निघालेली गाडी आहे, तेलाचा टँकर आहे, घोड्याची गाडी आहे, उलटी झालेली गाडी आहे आणि तिच्याजवळही माणसे निवांत आहेत. रोलाँ मात्र थांबत नाही. विरुद्ध बाजूने, लोकांच्या शिव्या खात, मिळेल त्या फटीत गाडी घालत तो पुढे सरकतो. शेवटी कोंडीचे कारण दिसते. रस्त्याच्या कडेला रक्त आहे, चेपलेल्या गाड्या आहेत, माणसांची प्रेते पडली आहेत आणि पोलीस वाहने पुढे काढतो आहे. रोलाँची गाडी त्यांच्याजवळून जाते, वेग घेते आणि मोकळ्या रस्त्याला लागते.

या दृश्याची गंमत त्याच्या लांबीत आहे असे मी वहीत लिहिले होते आणि ते चुकीचे नाही. हसू येते ते या लांबीमुळे, आणि शेवटी प्रेते दिसतात तेव्हा आपण आठ मिनिटे हसत होतो याची लाजही त्याच लांबीमुळे वाटते. त्या काळातल्या फ्रेंच प्रेक्षकाला ही प्रेते कल्पनेतली वाटली नसणार. सुटीच्या दिवसांत गाड्या घेऊन बाहेर पडणाऱ्या त्या देशात रस्त्यावरचे मृत्यू वर्षागणिक वाढत चालले होते. १९७२ मध्ये त्यांनी सोळा हजारांचा आकडा ओलांडला आणि त्यानंतरच, १९७३ पासून, सीटबेल्टची सक्ती आणि वेगमर्यादा आल्या. मला आता त्या दृश्यात एक वेगळी गोष्ट दिसते. त्या कोंडीतल्या बहुतेक गाड्यांत कुटुंबे आहेत. नवरा चाकावर, बायको शेजारी, मुले मागे. गोदार एकाच वेळी शेकडो संसार एका रांगेत उभे करतो आणि त्यांच्यापुढून तीनशे मीटर आपल्याला चालायला लावतो.

पुढच्या एका गावात ट्रॅक्टर आणि स्पोर्ट्स गाडी यांची टक्कर झालेली असते. प्रियकर मेलेला आहे आणि रक्ताने माखलेली एक श्रीमंत तरुणी ट्रॅक्टरवाल्याला त्याच्या वर्गावरून शिव्या देते आहे. दोघेही द्युराँ जोडप्याकडे साक्षीसाठी वळतात. जोडपे निघून जाते. मग ते दोन वैरी एकमेकांच्या गळ्यात हात घालून पळणाऱ्या गाडीला शिव्या देतात. इथे चित्रपट सगळ्यांत मोकळेपणाने विनोदी आहे.

बाल्सामोचा प्रसंग मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. बंदूक घेतलेला हा वाटसरू त्यांची गाडी ताब्यात घेतो, आपण देवाचे पुत्र असल्याचे सांगतो आणि चमत्कार दाखवून म्हणतो की मला वँव्हीलच्या उलट दिशेला न्या, मग हवे ते देतो. दोघेही मागण्या सांगू लागतात. मोठी मर्सिडीज, मायामीतले हॉटेल, साँ लोराँचा संध्याकाळचा पोशाख, खऱ्याखुऱ्या सोनेरी केसांची बाई होणे. मागण्यांची यादी ऐकून तोच वैतागतो आणि काहीही द्यायला नकार देतो. मी ती यादी दोनदा ऐकली. आपल्या शेजारी बसलेल्या माणसाबद्दल दोघांपैकी कोणीही एकही मागणी करत नाही, चांगली नाही आणि वाईटही नाही. इतके दिवस ज्याच्या मरणाची योजना आखली ते मरणसुद्धा कोणी मागत नाही. वैर इतके जुने झाले आहे की संधी आली तेव्हा ते आठवलेच नाही. लग्नाबद्दल या चित्रपटाने केलेले सगळ्यांत बारीक निरीक्षण मला हे वाटते, आणि ते हसण्याच्या ओघात निसटून जाते.

मग त्यांची स्वतःची गाडी पेटते. जळत्या गाडीतून बाहेर आलेली कोरीन जिवाच्या आकांताने किंचाळते ती आपल्या एर्मेसच्या पर्ससाठी. सगळ्या चित्रपटात तिच्या तोंडून निघालेली ही एकमेव जिव्हाळ्याची किंकाळी आहे. यापुढे दोघे पायी चालतात. आणि गाडी गेल्यावर नवरा-बायकोत काय उरते हे दिसू लागते.

तो खड्डा तिथेच आहे. दोघे थकलेले आहेत, जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवत आहेत. कोरीन खाली उतरते. भटक्या येतो, खाली जातो. रोलाँ कडेला बसलेला आहे. कॅमेराही खाली जात नाही, तो वरच राहतो, रोलाँच्या बाजूला. गाड्या येतात. एका गाडीतून प्रश्न येतो की चीनचा माओ हवा की अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन, रोलाँ जॉन्सन म्हणतो आणि गाडी त्याला फॅसिस्ट ठरवून निघून जाते. या विनोदावर १९९४ मध्ये सभागृह हसले होते, मीही हसलो होतो, आणि माझ्या स्मृतीत या जागेवर तेवढा विनोदच उरला होता. त्याच्या अलीकडे काय घडले ते पुसले गेले होते.

बायकोच्या प्रश्नाला उत्तर शोधताना मी हा प्रसंग आणखी दोनदा पाहिला. रोलाँ भ्यालेला दिसत नाही. त्याला आनंद झाला आहे, सूड मिळाला आहे, असेही दिसत नाही. तिच्या मरणाची तो वाट पाहतो आहे म्हणून खूश असावा, असा तर्क करता येतो, पण त्याचा चेहरा त्याला दुजोरा देत नाही. तो बस थांब्यावर बसलेल्या माणसासारखा बसलेला आहे. खाली जे चालले आहे त्याच्याशी आपला संबंध आहे, हे त्याच्या ध्यानातच आलेले नाही. कायद्याने कुटुंबप्रमुख असलेला, कोणे एके काळी रक्षणाचे वचन ज्याच्या नावावर लिहिलेले होते, असा हा नवरा. गोदारने त्याला दुष्ट दाखवले असते तर आपल्याला सोपे झाले असते, कारण दुष्ट माणसापासून आपण स्वतःला लगेच वेगळे काढतो. न उठणाऱ्या माणसापासून स्वतःला वेगळे काढणे इतके सोपे नाही. मी जन्मात असे काही केलेले नाही. पण शेजारच्या खोलीत कोणी रडत असताना वर्तमानपत्राचे पान पूर्ण वाचून मग उठलेलो आहे, हे मला आठवते आणि तेव्हाचा माझा चेहरा कसा असेल याची मला कल्पना आहे.

हे ज्याच्यामुळे दिसते तो नट ज्याँ यान. तो मूळचा रेडिओ-दूरचित्रवाणीवरचा विनोदवीर, आणि मिरेय दार्क लोकप्रिय, व्यावसायिक चित्रपटांतली तारका. कलात्मक चित्रपटांच्या वर्तुळाबाहेरची ही दोन माणसे घेतल्यामुळे जोडपे रोजच्या बघण्यातले वाटते. यानच्या चेहऱ्यावर एक ठरलेली नाराजी असते, ओठ किंचित लोंबलेले, डोळे अर्धे मिटलेले. पाच वर्षांनी, १९७२ मध्ये, मोरिस पियालाच्या एका चित्रपटात त्याने अशाच एका पुरुषाची भूमिका केली, जो आपल्या सोबतिणीला वाटेल ते बोलतो, हाकलून देतो आणि तिला सोडूही शकत नाही. त्यातही बरेचसे प्रसंग मोटारीतच घडतात. त्या भूमिकेसाठी त्याला कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर पुरुषाच्या आतला तोच कठीण, कोरडा भाग दोन दिग्दर्शकांनी दोन बाजूंनी पाहिला आहे असे वाटते. पियाला त्याला रडू देतो. गोदार देत नाही.

माझी या चित्रपटाबद्दल तक्रार आहे, आणि तीही मनापासूनची आहे. रोलाँचा निर्विकारपणा दाखवण्यासाठी गोदार कोरीनवरचा अत्याचार वापरतो, आणि तो झाल्यावर चित्रपटही रोलाँइतकाच निर्विकारपणे पुढे जातो. तिचे काय झाले हे विचारायला कॅमेरा मागे वळत नाही. कॅमेरा खड्ड्यात उतरला नाही हे योग्यच झाले. पण वर आलेल्या कोरीनकडे पाहायला त्याला कोणी अडवले नव्हते. उपरोधाने दाखवलेला निर्विकारपणा आणि खरा निर्विकारपणा यांत फरक असतो असे मी मानतो, आणि या जागी तो फरक मला सापडत नाही. तीच गोष्ट शेवटाकडे पडद्यावर खरोखर मारलेल्या डुकराची आणि हंसाची. माणसांचे रक्त म्हणजे नुसता लाल रंग आहे हे आपल्याला माहीत असते, त्या जनावरांचे मात्र तसे नव्हते. त्या मृत्यूंचे समर्थन मला करता येत नाही आणि करायचेही नाही.

वाटेत आणखी पुष्कळ माणसे भेटतात. इंग्रज कादंबरीकार एमिली ब्राँटीच्या वेशातल्या मुलीला रोलाँ पेटवून देतो आणि म्हणतो की ही तर काल्पनिक पात्रे आहेत. एका शेतघराच्या अंगणात एक पियानोवादक मोझार्टची सोनाटा वाजवतो, कॅमेरा सबंध अंगणाभोवती सावकाश फिरत राहतो, शेतावरची माणसे ऐकत उभी असतात आणि आपले जोडपे जांभया देते. तेवढी काही मिनिटे चित्रपट जगाबद्दल हळवा होतो. वँव्हीलला पोहोचेपर्यंत वडील मेलेले असतात आणि कोरीनची आई वाटा द्यायला तयार नसते. दोघे मिळून तिला मारतात. आपल्याला दिसतो तो सोललेला ससा आणि त्यावर ओतले जाणारे रक्त. संपूर्ण चित्रपटात नवरा-बायकोने मन लावून, एकमेकांना साथ देत केलेले हे एकच काम आहे.

गोदारचे आना कारिनाशी झालेले पहिले लग्न मोडलेले होते, आणि या चित्रपटाच्या थोडेच आधी, जुलै १९६७ मध्ये, त्याने आन विआझेम्स्कीशी दुसरे लग्न केले होते. तीही चित्रपटात ओझरती दिसते. नव्या लग्नाच्या पहिल्या महिन्यांत माणसाने असा चित्रपट का करावा, याचे उत्तर त्याच्या खासगी आयुष्यात शोधण्याचा मोह होतो. मी तो टाळतो. एवढेच म्हणतो की त्याचे त्या काळात बरेच काही संपत होते. चित्रीकरण संपल्यावर त्याने आपल्या नेहमीच्या तंत्रज्ञांना दुसरे काम शोधा असे सांगितले. ज्या कुतारने त्याच्या पहिल्या चित्रपटापासून कॅमेरा सांभाळला तो त्यानंतर त्याच्याकडे परतला तो थेट १९८२ च्या ‘पॅशन’साठी. आणि ‘वीकेंड’ लागल्यावर पाच महिन्यांत, मे १९६८ मध्ये, पॅरिसच्या रस्त्यांवर खरोखरच गाड्या उलटवल्या आणि जाळल्या जात होत्या.

शेवटच्या भागात जंगलातले बंडखोर या दोघांना पकडतात. त्यांच्या टोळीचे नाव सेन-ए-वाझ मुक्ती आघाडी. सेन-ए-वाझ हा पॅरिसभोवतीचा जिल्हा होता, जो प्रशासनाने मोडीत काढायचे ठरवले होते आणि १ जानेवारी १९६८ रोजी, म्हणजे चित्रपट लागल्यावर तीन दिवसांनी, तो नकाशावरून खरोखरच गेला. नसलेल्या मुलखासाठी लढणारे हे लोक माणसे मारून खातात. रोलाँ पळण्याच्या प्रयत्नात मारला जातो. कोरीन त्यांच्यात राहते.

अखेरच्या दृश्यात ती टोळीच्या म्होरक्याशेजारी बसून हाडावरचे मांस खाते आहे. तो तिला सांगतो की यात डुकराबरोबर इंग्रज प्रवाशांचे उरलेले मांस आहे आणि तुझ्या नवऱ्याचेही थोडे असेल. ती क्षणभर चावायचे थांबते की नाही, हे पाहण्यासाठी मी चित्र मागे नेऊन पुन्हा पाहिले. ती चावत राहते आणि स्वयंपाक्याला सांगते की नंतर आणखी थोडे घेईन. मग अक्षरे येतात, कथेचा शेवट, सिनेमाचा शेवट. पहिल्या वेळी मला हा तिचा सूड वाटला होता आणि वहीत तसा शब्दही आहे. पण सूड घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटते. इथे जो चेहरा आहे तो मी तासाभरापूर्वी पाहिला होता, रस्त्याच्या कडेला, दुसऱ्या माणसाच्या मानेवर.